लातूर ते समुद्र, सायकलवर: रूट विचारण्याआधी वापसा विचारा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, दोन-चार ठिकाणची पुनरुक्ती तेवढी काढलीय.

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आलाय. दिवाळी झाली, हवेत जरा गारवा आला, की लातूर, उदगीर, अहमदपूर, नांदेड अशा सगळीकडून एकच विचारणा सुरू होते. माउंटन बाइक घेतलीय. कोकणात जायचंय. घाट, जंगल, समुद्र, सगळं एका फेरीत पाहिजे. रूट पाठवा.

आता रूट पाठवणं काय अवघड नाही. मोबाईलवर एक रेष येते, तुम्ही तिच्यावरून निघता. पण त्या रेषेखाली काय आहे, हे रेष सांगत नाही. काळी माती आहे का जांभा आहे, वाळू आहे का मुरूम, कुणाचं रान आहे का अभयारण्य, आणि मुख्य म्हणजे आत्ता तिथं चाक घालायची वेळ आहे का नाही. रस्त्यावरची सायकल डांबरावर चालते, तिला याचं फार देणंघेणं नसतं. माउंटन बाइक मातीवर चालते. म्हणून तिला रूटच्या आधी माती कळावी लागते.

आणि मातीच्या बाबतीत आपल्याकडं एक फार नेमका शब्द आहे, जो शेतकऱ्याच्या पोराला वेगळा सांगावा लागत नाही: वापसा. पाऊस पडून गेला, पाणी जिरलं, आता रानात पाय घातला तर रुतत नाही, आणि ढेकूळ हातात घेतलं तर चिकटत नाही, फुटतं. त्याला आपण म्हणतो, वापसा आला, आता औत घाला. वापसा यायच्या आधी औत घातलं तर रान बिघडतं आणि बैलही दमतात. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की सायकललाही वापसा लागतो. काळ्या मातीचा वेगळा, कोकणातल्या सड्याचा वेगळा, किनाऱ्याचा वेगळा, जंगलाचा वेगळा. तो ओळखता आला तर रूट तुम्हीच काढाल, मला विचारायची गरज नाही.

रस्ता तर दारातनंच जातो

आधी नकाशा डोळ्यासमोर आणू. लातूरकराला वाटतं समुद्र म्हणजे लई लांब. लांब आहेच. पण तुमच्या दारातनं जो राष्ट्रीय महामार्ग ३६१ जातो, त्याला लोक नागपूर-रत्नागिरी रस्ता म्हणतात, ते उगीच नाही. यवतमाळ, नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा करत तो तुळजापूरला येतो. तिथून सोलापूर गाठलं की पुढं महामार्ग १६६ सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करत थेट रत्नागिरीला समुद्रावर नेतो. लातूर ते रत्नागिरी हे सगळं अंतर ढोबळमानानं पाचशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे.

आता उंचीचं गणित बघा, कारण इथं बऱ्याच जणांचा अंदाज उलटा असतो. घाट म्हणजे चढ, असं आपल्या डोक्यात बसलंय. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ६३० मीटरवर आहे. सोलापूर साडेचारशेच्या आसपास, कोल्हापूर साडेपाचशेच्या. म्हणजे तुळजापूरचा घाट उतरला की आपण खाली येतो, मग हळूहळू परत चढत सह्याद्रीच्या माथ्याला जातो, आणि आंब्याहून एकदम कोसळतो. लातूरकराला सह्याद्री जाताना चढावा लागत नाही, तो उतरावा लागतो. चढायचा असतो तो परतताना, पाय थकलेले असताना. ज्यांनी फक्त जायचा विचार केलाय, त्यांनी इथंच एकदा कागदावर बेरीज-वजाबाकी करून घ्यावी.

आणखी एक गंमत. लातूरची मांजरा गोदावरीला मिळते. तुळजापूरच्या पुढं गोदावरीचं खोरं मागं पडतं, भीमेचं, म्हणजे पर्यायानं कृष्णेचं सुरू होतं. पण दोन्ही नद्या पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडंच जातात. तुम्ही पश्चिमेच्या समुद्राकडं चाललाय, आणि कोल्हापूरच्या पुढं आंब्यापर्यंत भेटणारा एक न एक ओढा तुमच्या उलट दिशेनं वाहतोय. घाटाची कड ओलांडली की मग पाणी तुमच्या बरोबर चालायला लागतं. घाटाखाली साखरप्याला काजळी नदी भेटते, ती रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीत समुद्राला मिळते. तिच्या सोबतीनं गेलात तरी समुद्र येतो.

ज्यांना अख्खं अंतर सायकलवर करायचं नाही त्यांच्यासाठी रेल्वे आहे, आणि हा रेल्वेमार्ग आपल्या ओळखीचा आहे. बार्शी लाइट रेल्वेची ती जुनी अडीच फुटी छोटी लाईन, जी १९११ साली लातूरला आली आणि १९२७ साली दुसऱ्या बाजूनं मिरजेला पोचली. आता ती ब्रॉडगेज आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर तहानलेलं असताना मिरजेहून पाण्याची गाडी आली ती याच मार्गानं, सुमारे ३४० किलोमीटर. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याच मार्गानं सायकल पार्सल डब्यात टाकून तुम्ही मिरज किंवा कोल्हापूर गाठू शकता. गाड्यांचे वार बघून घ्या, पार्सल ऑफिसला आदल्या दिवशीच चौकशी करा, पॅडल आणि हँडल फिरवून सायकल नीट बांधा. निम्म्यापेक्षा जास्त डांबर वाचतं आणि ताकद मातीसाठी राहते.

काळ्या रानाचा वापसा

पण मिरजेला जायच्या आधी घरचं मैदान. आपल्या लातूर जिल्ह्यात जंगल किती? एक टक्क्याच्याही खाली. राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आपला नंबर लागतो. मग माउंटन बाइक शिकायची कुठं? तर पांदणीत. गावागावांतून रानाकडं जाणाऱ्या पांदणी, शिवरस्ते, कालव्याच्या कडेचे मुरमाड रस्ते, तलावांचे बंधारे. एवढी मोठी शाळा फुकट कुणाला मिळते?

फक्त या शाळेचं वेळापत्रक काळी माती ठरवते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. पावसात त्या पांदणीत सायकल घातली की पहिल्या शंभर मीटरमध्ये टायरला मातीचा थर बसतो, दुसऱ्या शंभरमध्ये तो फ्रेमला घासायला लागतो, तिसऱ्यात चाक फिरायचं थांबतं. जोर लावून पॅडल मारलं की मागचा डिरेलर मोडायची पाळी येते, कारण चेन गाळानं जाम झालेली असते. शिवाय तुम्ही जी चाकोरी पाडता ती वाळून दगड होते, आणि पुढं दोन महिने त्या शेतकऱ्याची बैलगाडी, मोटरसायकल त्याच चाकोरीत आपटत जाते. म्हणून नियम साधा: ढेकूळ हातात घेऊन दाबा. चिकटलं तर घरी चला. फुटलं तर चला पुढं.

उन्हाळ्यात हीच माती दुसरं टोक दाखवते. एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात. आडवी भेग टायर ओलांडतं, उभी भेग टायर गिळते. पुढचं चाक उभ्या भेगेत गेलं की सायकल जाग्यावर थांबते, तुम्ही थांबत नाही. तेव्हा नजर चाकासमोर नाही, पाच-सहा मीटर पुढं ठेवा, आणि भेगांना तिरपं कापा.

आणि सराटे. आपल्याकडच्या सायकलवाल्याला घाटाचं, वाऱ्याचं भ्या नसतं, सराट्याचं असतं. पावसाळा सरला की वेल वाळतो आणि काटेरी फळं वाटेवर पसरतात. कसंही पडलं तरी एक काटा वर. त्यात बाभळीचे काटे आहेतच. इथं ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट हाच शहाणपणा. ट्यूब वापरत असाल तर दोन जादा ट्यूब, पंप आणि ठिगळं जवळ ठेवा. टायरमध्ये काटा दिसला की लगेच उपटू नका, आधी सीलंटला त्याच्याभोवती बसू द्या.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. बांधावरून सायकल घालू नका. आपल्याकडं बांधाच्या वितभर मातीवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालल्यात, पिढ्या गेल्यात. तिथं तुमच्या टायरनं कोपरा ढासळला तर तुम्हाला तो खेळ वाटेल, त्या माणसाला नाही. पेरलेलं रान, तासातली उगवण, पाटाचं पाणी, या तिन्हींपासून लांब. रानात माणूस दिसला की उतरा, रामराम घाला, "मामा, इकडनं वाट हाय का?" म्हणून विचारा. नव्वद टक्के वेळा वाट मिळते, वर पाणी मिळतं, ज्वारीच्या दिवसांत हुरडाही मिळतो. जिथं "नको" म्हणतील तिथं वळायचं.

जांभा आपल्याकडंबी आहे

आता कोकणाच्या तयारीचं. कोकणात चाकाखाली येतो तो जांभा. लाल, खडबडीत, भोकाभोकांचा दगड, ज्याचे चिरे कापून तिकडची घरं आणि गडगे बांधतात. मूळ खडक आपला आणि त्यांचा एकच, बेसॉल्ट, ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो. भरपूर पाऊस आणि उष्णता यांनी त्यातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, तो झाला जांभा. त्याच काळ्या पाषाणाची झीज होऊन आपल्याकडं काळी माती झाली. म्हणजे ही सख्खी भावंडं आहेत, एकाचा स्वभाव पाणी धरून ठेवायचा, दुसऱ्याचा सोडून द्यायचा.

पण तुम्हाला ठाऊक आहे का, जांभा बघायला कोकणातच जावं लागतं असं नाही. औसा-निलंगा रस्त्यावर खरोशाला जा. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या तिथल्या लेण्या जांभ्यात कोरलेल्या आहेत. आणखी पूर्वेला बिदरचं पठार अख्खं जांभ्याचं आहे, किल्ल्याच्या खंदकापासून तिथल्या जुन्या भुयारी पाणीवाटांपर्यंत सगळं त्याच दगडात. उदगीरवरून बिदर काही लांब नाही.

तर सराव इथं करा. लेण्यांच्या आवारात नाही, ती संरक्षित जागा आहे, तिथं सायकल खाली लावून पायी जा. आसपासच्या लाल मुरमाच्या वाटांवर मात्र टायरचा अंदाज घ्या. वाळलेला जांभा टायरला सँडपेपरसारखा धरतो, चढाला मस्त पकड मिळते. पण त्याचे बारीक गोल खडे सुटले की ते छर्ऱ्यासारखे घरंगळतात, वळणावर पुढचा ब्रेक दाबला की गेलात. ओला जांभा शेवाळला असेल तर साबण. टायरमधली हवा डांबरावर चाळीस पीएसआयच्या आसपास ठेवत असाल, तर इथं पंचवीस-तीसपर्यंत उतरवा. वजन, टायरची रुंदी यांवर दोन-चार इकडं-तिकडं होईल. तीन-चार रविवार खरोशाच्या बाजूला घालवलेत तर कोकणात पहिल्या दिवशी बावचळायला होणार नाही.

घाट आणि जंगल

कोल्हापूरहून खाली उतरायला वाटा बऱ्याच. आंबा घाट, गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा, राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाट, आणि दक्षिणेला आंबोली. जंगल बघायचं असेल तर राधानगरी-दाजीपूरचा रस्ता घ्या. एका बाजूला राधानगरीचं धरण, पुढं गव्यांसाठी प्रसिद्ध असलेलं अभयारण्य. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या, त्यांत राधानगरी आहे, कोयना, चांदोली आणि कासही आहेत.

इथं एक गैरसमज काढतो. जंगलातून जाणारा सार्वजनिक रस्ता आणि जंगलातली वाट या दोन वेगळ्या गोष्टी. घाटरस्त्यावरून तुम्ही बिनदिक्कत जा. पण रस्ता सोडून आत वळलेली लाल पायवाट मोबाईलवर कितीही सुंदर दिसली, तरी अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे तो. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात तर सायकल घेऊन शिरायचा विचारसुद्धा नको. वनखात्याच्या चौकीवर थांबून विचारलं तर सायकलला चालणाऱ्या वाटा तेच सांगतात. कोकणातल्या देवरायांचंही तसंच. कायद्याच्या आधी गावाचा शब्द असतो तिथं. सायकल बाहेर, चप्पल बाहेर, मग आत.

गवा दिसला तर? थांबा. घंटी वाजवायची नाही, फोटोसाठी पुढं सरकायचं नाही. एक रस्ता ओलांडून गेला म्हणजे कळप संपला असं नसतं, मागं पिल्लं असतात. सगळे गेले, मग निघा. पहाटेची आणि तिन्हीसांजेची वेळ त्यांची. आपण सकाळी आठनंतर घाटात शिरावं आणि दुपारी चारच्या आत बाहेर पडावं.

ज्यांना वाटतं, हे सगळं सह्याद्रीत, आपल्याकडं काय आहे? त्यांनी येडशीकडं बघावं. मुरूडच्या पुढं धाराशिव जिल्ह्यातलं येडशी-रामलिंग अभयारण्य. छोटंसं जंगल. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. तो होता यवतमाळच्या टिपेश्वरचा. म्हणजे जिथं आपण म्हणतो जंगलच नाही, त्या मराठवाड्यातून तो शेकडो किलोमीटर चालून आला, तूर, कापूस आणि उसातनं वाट काढत. कोणत्या नाल्याकाठानं, कोणत्या माळावरनं, कुणाला ठाऊक. तुम्ही ज्या पांदणीला फालतू रस्ता समजता, ती कुणाची तरी जंगलातून जंगलात जायची वाट असू शकते. किनवट-माहूरकडं, पैनगंगेच्या जंगलाकडं जाणाऱ्या नांदेडकरांनीही हे ध्यानात ठेवावं.

उताराबद्दल दोन शब्द. आंबा घाट आठ-दहा किलोमीटरचा सलग उतार आहे. ब्रेक दाबून धरून उतरू नका, पॅड तापतात आणि मग ब्रेक लागतच नाही. दाबा, सोडा, दोन्ही आळीपाळीनं. मध्ये दोनदा थांबा. ट्रकच्या मागं चिकटू नका, वळणावर तो आत येतो.

सडा: मोकळा दिसतो, रिकामा नसतो

घाट उतरून समुद्राजवळ गेलात की रत्नागिरी, राजापूर, देवगड भागात सडे लागतात. जांभ्याची सपाट पठारं, झाड नाही, झुडूप नाही, लांबवर नुसता कातळ आणि कडेला निळा समुद्र. माउंटन बाइकवाल्याला वेड लावणारी जागा. वाटतं, कुठूनही घाला, कसंही पळवा.

आणि नेमकं इथंच थांबायचंय. या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. जमिनीवर, पायाखाली कोरलेली चित्रं: हत्ती, मासे, माणसं, आणि आपल्याला अर्थ न लागलेल्या मोठमोठ्या चौकटी. अभ्यासकांचा अंदाज त्यांना दहा हजार वर्षांच्या आसपास मागं नेतो. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ अशा नऊ जागा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा की जवळ उभं राहून तो हत्ती आहे हेच कळत नाही.

काही शिल्पांना आता दगडी कुंपण आहे. पण बरीच उघडी आहेत, काही मातीखाली, गवताखाली अर्धवट झाकलेली. जांभा मऊ दगड. कोरलेल्या रेषेची कड टायरच्या एका घासानं तुटते, आणि आपल्याला कळतही नाही की काही तुटलं. औरंगजेबाच्या काळातला बुरूज पाडला तर बातमी होते. दहा हजार वर्षांची रेष पुसली तर कुणाला दिसतही नाही. म्हणून सड्यावर एकच नियम: मळलेली गाडीवाट सोडायची नाही. शिल्प बघायचं तर सायकल वाटेवर आडवी करा आणि पायी, रेषा टाळून जा.

पावसाळ्यात सड्याचा वापसा आणखी कडक. जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर त्या दगडाच्या सांद्रीसांद्रीत बोटभर उंचीची फुलं येतात. सीतेची आसवं, गेंद, किडे खाणारा दवबिंदू. वितभर मातीत वर्षभराचा संसार तीन महिन्यांत उरकायचा असतो त्यांना. कासच्या पठारावर गर्दीला आवर घालावा लागला, तो यासाठीच. दसरा-दिवाळीनंतर सडा वाळला की जा. तोवर आपल्याकडं पांदणीतही वापसा आलेला असतोच.

किनारा: वेळ समुद्र सांगतो

आता समुद्र. सागरी मार्ग रेवसपासून रेडीपर्यंत जातो. रत्नागिरीहून दक्षिणेला भाट्ये, पावस, पूर्णगड, कशेळी, जैतापूर करत विजयदुर्ग, देवगड, मालवण. उत्तरेला गणपतीपुळे, मालगुंड, जयगड. जयगडहून तवसाळला फेरीबोट, मग गुहागर. धोपाव्याहून दाभोळला दुसरी फेरी, मग दापोली, आंजर्ले, केळशी. वेश्वीहून बागमांडल्याला तिसरी, मग हरिहरेश्वर, श्रीवर्धन. सायकल या बोटींवर चढते.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, असं समजू नका. प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि पलीकडं सड्यावर चढायचं. साठ किलोमीटरच्या दिवसात एकूण चढाई हजार मीटरपर्यंत सहज जाते. आंबा घाट एका दमात होतो, हे मात्र दिवसभर चालतं. आणि हवा दमट. लातूरचा घाम वाळतो, कोकणातला वाळत नाही. तहान कमी लागल्यासारखी वाटते, पाणी मात्र जास्त जातं. मीठ-साखरेचं पाणी ठेवा, नाहीतर पायाला गोळे येतात.

वाळूवर सायकल चालवायची हौस सगळ्यांना. ती ओहोटीला, पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट पट्ट्यातच चालते. भरती-ओहोटीची वेळ रोज बदलते, साधारण पाऊण-पाऊण तासानं पुढं सरकते. गावातल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा, घड्याळ न बघता सांगेल. वरच्या कोरड्या वाळूत तसंही चाक रुततं, आणि हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या किनाऱ्यांवर त्याच कोरड्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तेव्हा वरच्या पट्ट्यात चाक नाही, रात्री टॉर्च लावून फिरणं नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालतात, तुमच्या हेडलाईटला ती समुद्र समजतील.

आणि मुक्कामी गेल्यावर स्वतः अंघोळ करायच्या आधी सायकलला घाला. गोड्या पाण्यानं धुवा, कोरडी करा, चेनला तेल द्या. खाऱ्या पाण्यानं एका रात्रीत चेनवर तांब येतो. आपल्याकडं वर्षात येत नाही तेवढा.

मग बेत कसा?

घाई नसलेल्यांसाठी सांगतो. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. पहिला दिवस रेल्वेनं कोल्हापूर. दुसरा दिवस मलकापूर करत आंबा, साधारण साठ-पासष्ट किलोमीटर, तिथं मुक्काम. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडल्यावर घाट उतरा, साखरपा, पाली, हातखंबा करत रत्नागिरी. चौथा आणि पाचवा दिवस किनारा आणि सडे, दिवसाला पन्नास किलोमीटरच्या वर नाही. सहाव्या दिवशी परत. परतताना घाट चढायचा असेल तर पहाटे निघा, नसेल तर एसटी किंवा टेम्पो करा. त्यात कमीपणा काहीच नाही.

ज्यांना लातूरहूनच सायकलवर निघायचंय, त्यांनी आणखी चार-पाच दिवस धरा आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हा उसाचा हंगाम आहे. लातूर असो, सोलापूर असो का कोल्हापूर, अंधारात ट्रॉल्या चालतात, दोन-दोन जोडलेल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. दिवस मावळला की रस्ता सोडा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. हेल्मेट घाला, हे सांगायला लागू नये.

बाकी सगळं सामान दुकानात मिळतं. वापसा मिळत नाही, तो ओळखावा लागतो, आणि ते ओळखणं आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. बापजाद्यांनी औत कधी घालायचं नाही हे आधी शिकवलं, कसं हाकायचं ते नंतर. सायकलचंही तसंच. कोकणातल्या माणसानं उद्या म्हणावं, लातूरची पोरं येऊन गेली आणि कुठं चाकाची खूण सापडली नाही. तेवढं झालं तर पुढच्या वर्षी तीच वाट आपल्याला परत उघडी मिळेल.

या रविवारी सुरुवात करा. गावाबाहेरच्या पांदणीत जा, ढेकूळ उचला, दाबून बघा. तुमच्याकडच्या चांगल्या वाटा कोणत्या, कोणत्या महिन्यात चालतात, हे मला जरूर कळवा. जमलं तर पुढच्या एका भागात फक्त मराठवाड्यातल्या पांदणींवर बोलू. तोवर, येतो मंडळी. सांभाळून चालवा.